मदतीच्या पैशाची पावती कुणाकडे?

ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या बहुतेकांना वर्षातून एकदा करखात्याचा एक गोषवारा पाहता येतो. आपण भरलेल्या करातले किती पौंड आरोग्यसेवेवर गेले, किती निवृत्तिवेतनावर, किती शिक्षणावर, किती संरक्षणावर, याची ती यादी असते. यादीच्या तळाशी अगदी लहान आकड्याची एक ओळ असते: परदेशी मदत.

गेल्या वर्षावासात एका पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर जेवणाच्या पंगतीत या ओळीवरून चर्चा सुरू झाली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी मोबाइलवर तो गोषवारा दाखवला आणि म्हणाले, "म्हणजे आपण इथे भरलेला पैसा फिरून आपल्याच गावाकडे जातो की!" त्यावर बारावीच्या वयाच्या एका मुलीने विचारले, "जातो हो काका, पण पोहोचतो का? त्याची पावती कुणाकडे असते?"

पंगतीत आम्ही वीस-पंचवीस जण होतो. अभियंते, परिचारिका, एक निवृत्त बसचालक, दोन विद्यार्थी. उत्तर कुणाकडेच नव्हते. आमच्यातल्या काहींचा तर व्यवसायच नोंदींचा माग काढण्याचा आहे. म्हणून पुढचे काही शनिवार-रविवार आम्ही या एका ओळीच्या मागे लागलो. जे हाती आले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. सरकारी पैशाचा हिशेब हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली याच लंडन शहरात प्रसिद्ध झाला. आणि ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकांच्या पदावर चर्चा चालू असताना त्यांनी हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते. ज्या माणसाने देशाला मूलभूत हक्क दिले, त्यानेच हिशेब तपासणाऱ्याला इतके मोठे स्थान द्यावे, यात विसंगती नाही. हक्क कागदावर असतो. तो प्रत्यक्षात उतरला की नाही, हे बहुतेक वेळा खर्चाच्या वहीतच कळते.

पर्गाऊचे धरण

ब्रिटनच्या परदेशी मदतीला पारदर्शकतेचा धडा मिळाला तो मलेशियातल्या एका धरणावरून. मलेशियाच्या उत्तरेला, थायलंडच्या सीमेजवळ, केलंतान राज्यात पर्गाऊ नावाची नदी आहे. तिच्यावरील जलविद्युत प्रकल्पासाठी ब्रिटनने मदतनिधीतून सुमारे २३ कोटी ४० लाख पौंड देण्याचे मान्य केले. मदत खात्यातील अर्थतज्ज्ञांनी मात्र प्रकल्प तपासून प्रतिकूल मत दिले होते. तेवढीच वीज याहून स्वस्तात निर्माण करता येईल, आणि हा खर्च आर्थिकदृष्ट्या समर्थनीय नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खात्याचे सर्वोच्च प्रशासकीय अधिकारी टिम लँकेस्टर यांनी १९९१ साली आपला विरोध नोंदवला आणि मंत्र्यांकडून लेखी आदेश मागितला. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो आदेश दिला आणि पैसा सुटला.

इतका विरोध असताना पैसा का सुटला, याचे उत्तर तीन वर्षे आधीच्या एका कागदात होते. १९८८ साली ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर यांनी मलेशियाशी केलेल्या एका करारपत्रात शस्त्रखरेदी आणि विकासमदत यांची सांगड घातली गेली होती. मलेशियाने जितक्या रकमेची शस्त्रे घ्यावीत, तिच्या एका ठरावीक टक्केवारीइतकी मदत ब्रिटनने द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. पुढे ही सांगड औपचारिकपणे मागे घेतली गेली. दिलेला शब्द मात्र मागे राहिला.

१९९३ साली नॅशनल ऑडिट ऑफिसचा, म्हणजे इथल्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचा, अहवाल आला तेव्हा हे प्रकरण लोकांसमोर आले. संसदेच्या लोकलेखा समितीने आणि परराष्ट्र व्यवहार समितीने चौकशी केली. त्यानंतर वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही स्वयंसेवी संघटना न्यायालयात गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, हा खर्च बेकायदेशीर आहे. परदेशी मदतीचा कायदा विकासासाठी पैसा देण्याचा अधिकार देतो. जो प्रकल्प आर्थिकदृष्ट्या मुळातच अयोग्य आहे, त्याला विकास म्हणता येत नाही.

या निकालातली आणखी एक बाब आम्हांला तितकीच महत्त्वाची वाटते. दाद मागणाऱ्या संघटनेचे स्वतःचे एका पौंडाचेही नुकसान झालेले नव्हते. तरीही सार्वजनिक पैशाबद्दल विचारण्याचा तिचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. त्या मुलीने पंगतीत जो प्रश्न विचारला, तो विचारण्याचा हक्क या देशात असा प्रस्थापित होत आला आहे.

धरण मात्र बांधले गेलेच. निकालानंतर सरकारने त्याचा खर्च मदतनिधीबाहेरच्या तरतुदीतून भागवला. हिशेब उघड होणे आणि अन्याय थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही.

मणिबेलीने विचारलेला प्रश्न

पर्गाऊ प्रकरणात दाद मागणारे लंडनचे होते आणि न्यायालयही लंडनचे होते. ज्यांच्या नदीवर धरण होणार होते, ती माणसे त्या खटल्यात दिसत नाहीत. पैसा देणाऱ्याला हिशेब मिळावा, हे योग्यच आहे. पण ज्याच्या नावाने तो पैसा आला, त्याला हिशेब मागता येतो का?

याचे उत्तर शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. नर्मदेकाठचे अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे आदिवासी गाव महाराष्ट्राच्या बाजूने बुडणाऱ्या गावांत पहिले. आमची जमीन जाणार, तर बदल्यात काय, कुठे आणि केव्हा, हे त्या लोकांचे साधे प्रश्न होते. आंदोलनाच्या दबावाखाली बँकेने १९९१ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नाहीत, असा त्याचा आशय होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज न घेण्याचा निर्णय घेतला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या पैशातून होणाऱ्या प्रकल्पामुळे ज्यांचे नुकसान होते, त्यांना आपल्या सरकारला मध्ये न घालता थेट या मंडळाकडे तक्रार करता येते. मुंबईतल्या नागरी परिवहन प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ साली हा मार्ग वापरला. मंडळाच्या चौकशीनंतर २००६ साली बँकेने प्रकल्पातील रस्त्यांच्या कामाचा पैसा काही काळ रोखून धरला.

सरदार सरोवर देशांतर्गत पैशातून पूर्ण झाले आणि मणिबेली पाण्यात गेली. पण तिथल्या माणसांनी विचारलेल्या प्रश्नामुळे जगभरातल्या प्रकल्पग्रस्तांसाठी एक दार उघडले. आपल्या मुलांना आपण चवदार तळ्याचा इतिहास सांगतो. पाण्याकाठच्या माणसांनी जाब विचारल्याची ही कहाणीही त्यांना सांगावी, असे आम्हांला वाटते.

आज पावती कुठे मिळते

पर्गाऊनंतर ब्रिटनमध्ये बरेच बदलले. १९९७ साली परदेशी मदतीसाठी स्वतंत्र मंत्रालय झाले. २००२ च्या आंतरराष्ट्रीय विकास कायद्याने दारिद्र्य कमी करणे हा या मदतीचा केंद्रस्थानी असलेला हेतू ठरवला. २००८ साली घानाची राजधानी आक्रा इथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मदत पारदर्शकता उपक्रम सुरू झाला. त्यामागची कल्पना साधी आहे. मदत देणाऱ्या प्रत्येक सरकारने आणि संस्थेने आपल्या प्रत्येक प्रकल्पाची नोंद एकाच साच्यात प्रसिद्ध करावी. प्रकल्पाचा क्रमांक, पैसा कुणी दिला, कुणाला दिला, कधी दिला, कोणत्या देशात आणि कोणत्या कामासाठी, हे सर्व त्यात यावे. साचा एकच असल्याने एका संस्थेची नोंद दुसरीच्या नोंदीशी जुळवता येते. २०११ साली मदतीच्या परिणामांची स्वतंत्र तपासणी करणारा आयोगही ब्रिटनने स्थापन केला. आणि डेव्हलपमेंट ट्रॅकर या शासकीय संकेतस्थळावर कुणालाही देश निवडून प्रकल्पांची यादी पाहता येते.

आम्हीही भारत निवडला. यादी समोर आली तेव्हा समाधान वाटले. पण माग काढता काढता तीन ठिकाणी धागा हातातून सुटतो, हेही लक्षात आले.

पहिली जागा म्हणजे पैसा देशाबाहेर जातच नाही, ती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आश्रयार्थींवर पहिल्या वर्षी स्वदेशातच होणारा खर्च परदेशी मदतीत धरता येतो. २०२२ साली ब्रिटनच्या सुमारे १,२८० कोटी पौंडांच्या मदतीपैकी जवळपास ३७० कोटी, म्हणजे २९ टक्के, याच सदरात खर्च झाले. आश्रयार्थींना निवारा मिळालाच पाहिजे, याबद्दल आपल्या मनात किंतु नाही. पण गोषवाऱ्यात 'परदेशी मदत' असे वाचणाऱ्या करदात्याला हे कळत नाही.

दुसरी जागा गुंतवणुकीची. २०१२ साली ब्रिटनने भारताला थेट आर्थिक अनुदान २०१५ नंतर बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हापासून इथल्या वृत्तपत्रांत 'भारताला मदत कशाला' हा वाद अधूनमधून उफाळतो, आणि त्याची झळ आपल्या मुलांना शाळेतही लागते. प्रत्यक्षात २०१६ ते २०२१ या काळात वेगवेगळ्या मार्गांनी सुमारे २३० कोटी पौंड भारतासाठी गेले, असे स्वतंत्र आयोगाने मार्च २०२३ मध्ये दाखवले. त्यातले जवळपास १०० कोटी ब्रिटिश इंटरनॅशनल इन्व्हेस्टमेंट या सरकारी मालकीच्या संस्थेची गुंतवणूक होती. ही संस्था १९४८ साली वसाहतींच्या विकासासाठी स्थापन झालेल्या महामंडळाचा आजचा अवतार आहे. गुंतवणूक अनेकदा मधल्या निधीत जाते, निधीतून कंपन्यांत जाते. कंपनीपर्यंत नाव दिसते. त्या कंपनीने कुणाचे दारिद्र्य कमी केले, हे त्या नावावरून कळत नाही.

तिसरी जागा प्रशासनाची. २०२० साली विकास मंत्रालय परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले. जुने मंत्रालय मदत पारदर्शकता निर्देशांकात 'अतिशय चांगल्या' श्रेणीत होते. २०२२ च्या निर्देशांकात नवे मंत्रालय 'चांगल्या' श्रेणीवर घसरले. घसरण फार मोठी नव्हती, पण दिशा सांगणारी होती.

यात भर म्हणजे मदतच कमी होते आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देण्याचे लक्ष्य २०१५ साली ब्रिटनने कायद्यात घातले. २०२१ पासून प्रत्यक्ष प्रमाण ०.५ टक्क्यावर आले. २०२७ पर्यंत ते ०.३ टक्क्यावर आणण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. पैसा आटतो तेव्हा आधी कुणाचे पाणी तोडले जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. म्हणून हिशेबाची गरज आज अधिक आहे.

नसलेला रकाना

आता जो मुद्दा मांडण्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळू.

मदतीच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत प्रत्येक प्रकल्पावर काही खुणा करता येतात. हा प्रकल्प स्त्री-पुरुष समानतेसाठी आहे का, याची खूण आहे. पर्यावरणासाठी आहे का, याची आहे. २०१८ पासून अपंग व्यक्तींच्या समावेशाचीही खूण आहे. या प्रत्येक खुणेमागे त्या त्या चळवळीने वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा आहे. जातीवर किंवा जन्मावर आधारलेल्या भेदभावासाठी मात्र अशी खूण नाही.

आमच्या व्यवसायात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. ज्या गोष्टीसाठी तक्त्यात रकाना नाही, ती कोणत्याही अहवालात दिसत नाही. दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे वरचे लोक समजतात. दक्षिण आशियात कोट्यवधी पौंडांचे प्रकल्प चालतात. गाव कळते, जिल्हा कळतो, रक्कम कळते. पण हातपंप गावाच्या कोणत्या बाजूला बसला, हे त्या नोंदीत कधी येत नाही. आपण ज्या वस्त्यांतून आलो, त्यांना या एका तपशिलाचे मोल ठाऊक आहे.

ही केवळ शंका नव्हे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जगभरातून मदत आली. त्याच वेळी मदत छावण्यांत आणि वाटपात दलित कुटुंबांना डावलले गेल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले. एकूण आकड्यांच्या दृष्टीने मदत 'पोहोचली' होती. कुणापर्यंत पोहोचली नाही, हे एकूण आकडा सांगत नव्हता.

रकाना असला की काय होते, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. भारतात अनुसूचित जातींसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करण्याची पद्धत १९७९-८० पासून विशेष घटक योजनेच्या रूपाने सुरू झाली. तरतूद वेगळी लिहिलेली होती, म्हणूनच दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी तिच्यातले ७४४ कोटी रुपये वळवले गेल्याचे माहितीच्या अधिकारातून उघड करता आले आणि संसदेत सरकारला त्यावर उत्तर द्यावे लागले. चोरी पकडण्यासाठी आधी वस्तूची नोंद असावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, रक्कम उघड करणे ही अर्धी पारदर्शकता झाली. ती कुणापर्यंत पोहोचली आणि कुणापर्यंत नाही, हे उघड झाले तरच ती पूर्ण होते. या देशाच्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख यावा, यासाठी आपल्या संघटना झगडल्या. २०१३ साली संसदेने तसे बंधन घातले आणि २०१८ साली सरकारने पाऊल मागे घेतले. ती लढाई आपल्यावर इथे होणाऱ्या भेदभावाची होती. मदतीच्या नोंदीत जातीची खूण असावी, ही मागणी त्याच लढाईचा पुढचा टप्पा आहे. आणि ती आपण केली नाही, तर कोण करणार?

मार्ग उपलब्ध आहेत. माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली कोणत्याही शासकीय खात्याला साधे पत्र वा ईमेल लिहून माहिती मागता येते. सर्वसाधारणपणे २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक असते. संसदेची आंतरराष्ट्रीय विकास समिती आपल्या चौकशांसाठी लोकांकडून लेखी निवेदने मागवते. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला पत्र लिहिता येते. आम्ही पहिले पत्र मंत्रालयाला पाठवले आहे. भारतातील कोणत्या प्रकल्पांत लाभार्थींची जातनिहाय माहिती ठेवली जाते, एवढाच प्रश्न त्यात आहे.

आपली स्वतःची वही

पत्राचा मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्याच मुलीने दुसरा प्रश्न विचारला. "आपण गावच्या अभ्यासिकेसाठी दरवर्षी जयंतीला पैसे जमवतो. त्याची पावती कुणाकडे असते?"

क्षणभर शांतता पसरली. एक-दोघांना हा अविश्वास वाटला. पैसे पाठवणारे आपलेच, घेणारेही आपलेच, मग विचारायचे कशाला, असा सूर निघाला. आम्हांलाही आधी तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. मग वही काढली. जमा बाजू नीट लिहिलेली होती. खर्चाच्या बाजूला चार वर्षांत चार आकडे होते आणि प्रत्येकापुढे एकच शब्द होता: 'पाठवले'. अभ्यासिकेत किती मुले बसतात, मुली किती, दिवे रात्री किती वाजेपर्यंत चालू असतात, पुस्तके कुणी निवडली, यातले काहीही आम्हांला ठाऊक नव्हते. ब्रिटिश सरकारला जो प्रश्न आम्ही विचारायला निघालो होतो, त्याच प्रश्नापुढे आमची वही कोरी होती.

गावी फोन केला. अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताई रागावतील, असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. चार वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं झाली, छत गळतंय. पैसे पुस्तकांसाठी म्हणून येतात, ते छताला कसे लावायचे, म्हणून तसंच ठेवलंय."

हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे, ही समजूत त्या एका वाक्याने गळून पडली. आम्ही विचारले नाही, म्हणून त्यांना सांगता आले नाही. देणाऱ्याचे मौन घेणाऱ्यालाही मुके करते.

धम्माचे जे गुण आपण वंदनेत रोज म्हणतो, त्यांत एक शब्द आहे: एहिपस्सिको. या आणि स्वतः पाहा. बुद्धांनी आपल्या शिकवणीलाही या कसोटीतून वगळले नाही. मग मंत्रालयाच्या तिजोरीने किंवा आपल्या मंडळाच्या वहीने त्यातून सूट मागण्याचे कारण नाही.

या वर्षापासून आमच्या मंडळाचा जमाखर्च दर पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर लावला जाईल. त्यात 'पाठवले' या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आहेत: 'कुणाला पोहोचले' आणि 'त्यांचे म्हणणे'. दुसऱ्या रकान्यातली पहिली नोंद छताची आहे. ती वही आता त्या मुलीकडे दिली आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.